जेराल्ड गॅलाहर : फिनिक्स बेटांवरील एक अज्ञात अधिकारी

इतिहास शिकतांना आपण व्हाइसरॉयांच्या आणि गव्हर्नरांच्या कारकीर्दी पाठ करतों. कोणीं कोणती लढाई जिंकली, कोणीं कोणता तह केला, हें आपणांस सनावळीसह सांगतां येतें. परंतु त्या अवाढव्य राज्ययंत्राच्या अगदीं शेवटच्या टोंकाला जो एखादा लहानसा अधिकारी बसलेला असतो, ज्याला एकाच दिवशीं न्याय द्यावा लागतो, विहीर खणून घ्यावी लागते, आजाऱ्याला औषध द्यावें लागतें आणि रात्रीं कंदिलाजवळ बसून अहवाल लिहावा लागतो, त्याचें नांव कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत येत नाहीं. अशाच एका अधिकाऱ्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. त्यांचें नांव जेराल्ड बर्नार्ड गॅलाहर. ते वारले तेव्हां त्यांना एकोणतीस वर्षें पुरीं होऊन तीन महिनेहि झाले नव्हते.

प्रथम त्यांच्या कार्यक्षेत्राची ओळख करून घेऊं. शाळेंतील भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहिला तर पॅसिफिक महासागर मधोमध कापलेला दिसतो. अर्धा उजवीकडे, अर्धा डावीकडे. ज्या कडेवर तो कापला जातो, तिच्या आसपासच, विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस, सुईनें टोंचल्यासारखे आठ ठिपके आहेत. हीं फिनिक्स बेटें. त्यांपैकीं सिडनी, हल आणि गार्डनर या तीन बेटांशीं आपल्या कथेचा संबंध आहे. त्यांच्या पश्चिमेस सुमारें हजार मैलांवर सोळा गिल्बर्ट बेटांची माळ पसरलेली आहे. त्या काळीं हा सारा मुलूख ‘गिल्बर्ट आणि एलिस बेटें’ या नांवाच्या ब्रिटिश वसाहतींत मोडत असे. आज यांपैकीं गिल्बर्ट व फिनिक्स बेटें १९७९ सालीं स्वतंत्र झालेल्या किरिबाटी या राष्ट्रांत आहेत.

हीं बेटें म्हणजे आपल्या कल्पनेंतील डोंगर, नदी व शेत असलेली बेटें नव्हेत. तीं पोंवळ्यांच्या किड्यांनीं बांधलेलीं कंकणें आहेत. बाहेर खवळलेला महासागर, आंत शांत व उथळ असें खारकच्छ, आणि दोहोंच्या मध्यें कांहीं शें हात रुंदीची जमिनीची पट्टी. या पट्टीची उंची समुद्रापासून एका पुरुषापेक्षां फारशी अधिक नसते. माती म्हणावी तर ती पोंवळ्यांची भुकटी. नदी नाहीं, ओढा नाहीं, झरा नाहीं. मग माणूस पाणी पितो कोठलें ? पावसाचें पाणी सच्छिद्र जमिनींत मुरतें आणि खालीं असलेल्या खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्यावर तरंगत राहतें. बेताची विहीर खणली तर हा गोड्या पाण्याचा थर हातीं लागतो. हांवरेपणानें हातभर अधिक खणलें किंवा उपसा जास्त केला कीं मीठ वर आलेंच. पाऊस एक वर्ष रुसला तर हा थरहि विरतो. गॅलाहर यांच्या साऱ्या चरित्राचा आधार, आणि तें कार्य पुढें ढांसळण्याचें कारणहि, या विहिरींतच आहे, म्हणून हें येथें विस्तारानें सांगितलें.

गिल्बर्ट बेटांतील लोकांचा मुख्य आधार नारळ. कोंकणांतील आमच्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. खोबरें विकावयाचें, झावळ्यांनीं घर शाकारावयाचें, सुंभाचे दोर वळावयाचे. आणि आपल्याकडील भंडारी माडावर चढून ज्याप्रमाणें पोयीची नीरा काढतो त्याप्रमाणें तेथील प्रत्येक घरचा पुरुष सकाळसंध्याकाळ माडावर चढून नीरा उतरवतो व ती लहान मुलांनाहि पाजतात. जमिनीचा वारसा तेथें मुलाला आणि मुलीलाहि मिळत असल्यामुळें दर पिढीला वांटण्या होत होत दक्षिणेकडील बेटांत एकेका माणसाच्या वांट्याला एखाददुसरी चिंधोटी येऊं लागली. कित्येकांना तीहि नव्हती. जमिनींच्या हक्कांचा निवाडा करण्यासाठीं नेमलेले हॅरी मॉड या नांवाचे एक अधिकारी होते. त्यांना या भूमिहीन लोकांचा प्रश्न रात्रंदिवस सतावीत असे. पूर्वेकडील ओसाड फिनिक्स बेटांवर या लोकांना जमीन देऊन वसवावें, अशी योजना त्यांनीं सरकारपुढें मांडली.

सरकारनें ती मान्य केली, पण केवळ दयेनें नव्हे. तें विमानांचें युग होतें. अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या विमानांना वाटेंत उतरण्यासाठीं जागा हवी होती, आणि फिनिक्स बेटांवर अमेरिकेनें व ब्रिटननें दोघांनींहि हक्क सांगितला होता. कॅंटन व एंडरबरी या दोन बेटांवर तर १९३९ सालीं उभयतांचा संयुक्त अंमल ठरविण्यांत आला. ओसाड बेटावर नुसतें निशाण लावण्यापेक्षां तेथें आपली प्रजा नांदते असें दाखविणें केव्हांहि बळकट. म्हणजे गरिबाला जमीन आणि साम्राज्याला पुरावा, असे दोन हेतु एकाच गाडीला जुंपले गेले. मॉड यांच्या मनांत पहिला हेतु होता हें आम्ही मान्य करतों. लंडनच्या मनांत दुसरा अधिक होता, असें म्हणण्यास हरकत नसावी.

१९३७ च्या ऑक्टोबरांत मॉड हे एरिक बेव्हिंग्टन नांवाचा तरुण सहकारी व गिल्बर्ट लोकांचे कांहीं प्रतिनिधि यांना घेऊन ‘निमानोआ’ या सरकारी गलबतानें हीं बेटें पाहून आले. प्रतिनिधींना बरोबर नेण्यांत त्यांनीं मोठा शहाणपणा दाखविला. कारण जमीन चांगली कीं वाईट हें साहेबानें सांगण्यापेक्षां माडावर वाढलेल्या माणसानें सांगितलेलें लोकांस पटतें. गार्डनर बेटावर त्यांना ‘बुका’ नांवाच्या उंच वृक्षांचें घनदाट रान दिसलें. १८९२ च्या सुमारास अरंडेल नांवाच्या एका व्यापाऱ्यानें तेथें नारळ लाविले होते. त्यांतील १११ माड जिवंत होते. किनाऱ्याच्या खडकावर १९२९ सालीं फुटलेल्या ‘नॉर्विच सिटी’ या आगबोटीचा गंजका सांगाडा पडला होता. मनुष्यवस्तीची खूण म्हणावी तर एवढीच.

याच १९३७ सालीं गॅलाहर या वसाहतींत ‘कॅडेट’ म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून आले. त्यांचा जन्म ६ जुलै १९१२ चा. वडील डॉक्टर होते. स्टोनीहर्स्ट येथील जेझुइटांच्या शाळेंत व नंतर केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें ते वैद्यक शिकण्यासाठीं लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांत राहिले, पण तो अभ्यास पुरा झाला नाहीं. कांहीं काळ आयर्लंडांत शेतीहि शिकले. घरच्या वडील माणसांना हा मुलगा धरसोडीचा वाटला असेल. परंतु थोडें वैद्यक आणि थोडी शेती जाणणाऱ्या माणसाची जर जगांत कोठें खरी गरज होती, तर ती याच बेटांवर होती. आयरिश वंशामुळें सहकारी त्यांना ‘आयरिश’ अशीच हांक मारीत. गिल्बर्ट भाषा त्यांनीं लवकरच उत्तम आत्मसात केली. त्या भाषेच्या वळणांत बसतांना त्यांच्या नांवाचें ‘काराका’ असें रूप झालें.

१९३८ च्या डिसेंबरांत वसाहतीचा आरंभ झाला. मॉड यांचे दुय्यम म्हणून गॅलाहर बरोबर होते. गार्डनर बेटावर प्रथम दहा पुरुष उतरले. त्यांचे नायक तेंग कोआता. ‘तेंग’ म्हणजे आपल्याकडील ‘श्रीयुत’. हे ओनोटोआ बेटाचे न्यायाधीश होते. आपल्या गांवचा मान सोडून ते ओसाड रानांत आले. या गोष्टीचें महत्त्व आम्हांस विशेष वाटतें. पहिल्या विहिरी खणल्या त्यांचें पाणी मचूळ निघालें. रानांत पिण्यास पाणी नाहीं, खाण्यास १११ माडांचे नारळ, आणि सोबतीला माडावर चढून नारळ फोडणारे मोठमोठे खेकडे. अशा स्थितींत माणसें घाबरलीं नसतीं तरच नवल. पुढें प्यावयाजोगें पाणी लागलें आणि वसाहत तगली. नंतर बायकामुलें आलीं.

या प्रसंगाची एक गोष्ट बेटांवर सांगत असत. गिल्बर्ट लोकांच्या पुराणांत नेइ मांगानिबुका नांवाची एक आदिमाता आहे. (‘नेइ’ हा स्त्रियांसाठीं आदरार्थी शब्द.) तिचा मूळ देश निकुमारोरो, तेथें बुका वृक्षांचें दाट वन होतें. कोआता यांची पत्नी बेटावर आली तेव्हां तिला ही आदिमाता प्रत्यक्ष भेटली, असें तिनें सांगितलें. तेव्हांपासून लोकांची खात्री पटली कीं, आपण परक्या बेटावर आलों नसून पूर्वजांच्याच घरीं परत आलों आहों. आणि गार्डनरचें नांव निकुमारोरो पडलें. सरकारी कागदांत जुनेंच नांव राहिलें, पण माणसें तेथें रमलीं तीं या दुसऱ्या नांवामुळें. जमीन मोजून देणें अधिकाऱ्याच्या हातीं असतें. ती आपली वाटणें त्याच्या हातीं नसतें. गॅलाहर यांना हें कळत होतें, हा त्यांचा आम्हांस दिसणारा पहिला गुण.

मॉड यांच्यामागून १९३९ मध्यें या योजनेचा सारा भार गॅलाहर यांच्यावर पडला. वय सत्तावीस. हाताखालीं तीन बेटें. एकापासून दुसरें पुष्कळ मैल दूर. जाण्यायेण्यास एक म्हातारें गलबत, तेंहि महिनोन्महिने फिरकत नसे. प्रथम ते सिडनी बेटावर राहत. काम काय होतें ? रान तोडून जाळणें, प्रत्येक कुटुंबाला जमीन आंखून देणें, नारळ लावून घेणें, तंटे मिटविणें, कर्मचाऱ्यांचे हिशोब, दवाखाना, शाळा, पाण्याची टांकी. नारळाचा माड लावल्यापासून फळ धरीपर्यंत सहासात वर्षें लोटतात, हें कोंकणांतील मुलांस सांगावयास नको. तोंपर्यंत वसाहतवाल्यांचें पोट भरणार कशावर, ही चिंता अधिकाऱ्यानेंच करावयाची. दर तीन महिन्यांनीं ते जे अहवाल लिहीत, त्यांत या सर्वांचा तपशील असे.

१९४० च्या सप्टेंबरांत त्यांनीं आपलें ठाणें गार्डनरवर हलविलें. जॅक किमो पेत्रो नांवाचा एक कुशल कारागीर त्यांच्या मदतीस होता. त्यानें व गांवकऱ्यांनीं मिळून गव्हर्नमेंट रेस्ट हाऊस बांधलें, कॉंक्रीटची टांकी बांधली, निशाणकाठी उभारली. गांवांतून एक रुंद सरळ रस्ता काढला आणि त्याला हाय कमिशनर सर हॅरी ल्यूक यांचें नांव दिलें. जेथें एकहि गाडी नाहीं व शंभर माणसेंहि नाहींत तेथें रुंद राजमार्ग कशाला, असें वाचकांच्या मनांत येईल. आमच्याहि आलें. परंतु महासागराच्या मध्यभागीं एकटा राहणारा मनुष्य जेव्हां सरळ रस्ता आंखतो, कडेला झाडें लावतो आणि निशाण फडकवितो, तेव्हां तो कदाचित् साम्राज्याची शोभा करीत नसून आपलें मन ताळ्यावर ठेवीत असतो, असा विचार करून आम्ही हंसणें आवरलें.

आतां या चरित्रांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे वळूं. प्रसिद्ध म्हणजे आतां प्रसिद्ध; त्यांच्या हयातींत तो मुद्दाम गुप्त ठेवण्यांत आला होता. अमेरिकेची वैमानिक अमेलिया इअरहार्ट ही २ जुलै १९३७ रोजीं विषुववृत्तावरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत असतां हाउलंड बेटाचा शोध घेतां घेतां फ्रेड नूनन या मार्गदर्शकासह नाहींशी झाली होती. हाउलंड हें गार्डनरच्या उत्तरेस आहे. गॅलाहर गार्डनरवर राहावयास आले तेव्हां त्यांच्या कानीं आलें कीं, कांहीं महिन्यांपूर्वीं कामकऱ्यांना बेटाच्या आग्नेय टोंकाकडे एक मनुष्याची कवटी सांपडली होती व ती त्यांनीं पुरून टाकली. दुसरा एखादा अधिकारी ‘असेल कोणा खलाशाची’ असें म्हणून स्वस्थ बसला असता. बोट फुटून माणसें मेल्याचा इतिहास डोळ्यांसमोर होताच. पण गॅलाहर स्वतः त्या जागीं गेले. तेथें त्यांना आणखी हाडें, बुटाच्या तळव्याचा एक भाग, षष्ठयंत्र म्हणजे सेक्स्टंट ठेवण्याची एक लांकडी पेटी, विस्तव पेटविल्याची खूण, मेलेल्या पक्ष्यांचे व कांसवाचे अवशेष मिळाले. एक बाटलीहि मिळाली होती. बुटाचा तळवा बाईचा असावा असें त्यांना वाटलें.

२३ सप्टेंबर १९४० रोजीं त्यांनीं वरिष्ठांना तार केली. आपल्या विद्यार्थ्यांनीं येथें लक्ष द्यावें तें पुढील गोष्टीकडे. एवढा मोठा शोध आपल्या हातीं लागला असेल असें कोणत्याहि तरुणाला वाटलें असतें. तरीहि त्यांनीं कोठें बढाई मारली नाहीं. हाडें चार वर्षांहून जुनीं दिसतात, मात्र तीं त्या वैमानिक बाईचीं असण्याचा किंचित् संभव आहे, असें त्यांनीं कळविलें. जें दिसलें तें दिसलें म्हणून आणि जें वाटलें तें वाटलें म्हणून लिहिलें. पेटीवरचे दोन आंकडे, ३५०० आणि १५४२, तेहि जसेच्या तसे उतरवून पाठविले. खेकड्यांनीं पुष्कळशीं हाडें पांगविलीं आहेत, हेंहि नमूद केलें. सुवा येथून हाय कमिशनरांचा हुकूम आला कीं, प्रकरण गुप्त ठेवावें, नीट शोध घ्यावा व हाडें पाठवून द्यावींत.

२७ डिसेंबर १९४० च्या पत्रांत त्यांनीं पाठवणीची हकीकत लिहिली आहे. हाडांसाठीं त्यांनीं बेटावरच एक शवपेटी करविली. तिचें लांकूड ‘कनावा’ नांवाच्या झाडाचें. हें झाड आपल्याकडील भोंकरीच्याच कुळांतलें. तें झाड खारकच्छाच्या कांठीं, मृत मनुष्य जेथें सांपडला त्या जागेपासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं उभें होतें, एवढें एक वाक्य त्या सरकारी पत्रांत येतें. हें लिहिण्याची कामाच्या दृष्टीनें कांहींच जरूर नव्हती. खोक्यांत भरून पाठविलीं असतीं तरी कोणी जाब विचारणार नव्हतें. अनोळखी मेलेल्या माणसाला त्याच्या जवळच्या झाडाची पेटी मिळावी, असें त्यांच्या मनांत आलें आणि त्यांनीं तसें केलें; गॅलाहर हा मनुष्य कसा होता हें आम्हांस त्या एका वाक्यांत सर्वांत स्पष्ट दिसतें.

पेटी वाटेंत तारावा येथें पोंचली तेव्हां तेथील डॉक्टरनें हाडें पाहून बंदरावर क्वारंटाइन जाहीर केलें आणि तारांवर तारा झडल्या, असा एक हास्यकारक उपप्रसंग मध्येंच घडला. शेवटीं ती फिजी बेटांत सुवा येथें गेली. तेथील सेंट्रल मेडिकल स्कूलचे प्रमुख डॉक्टर हूडलेस यांनीं १९४१ च्या एप्रिलांत हाडें मोजलीं आणि तीं पुरुषाचीं, उंची सुमारें पांच फूट साडेपांच इंच, वय पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान, असा निर्वाळा दिला. पेटी पाहून हॅरोल्ड गॅटी या नामांकित वैमानिक-मार्गदर्शकानें ती जुनाट असून अर्वाचीन विमानप्रवासांत वापरली जाणें शक्य नाहीं असें मत दिलें. फाईल बांधून ठेवण्यांत आली. पुढें हाडें हरवलीं तीं आजतागायत सांपडलेलीं नाहींत. १९९० नंतरच्या दशकांत तारावा व इंग्लंड येथील दप्तरांतून हे कागद वर आले, आणि हूडलेस यांनीं लिहून ठेवलेल्या मापांवरून वाद सुरू झाला. १९९८ सालीं व पुन्हां २०१८ सालीं रिचर्ड जॅंट्झ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानें तीं मापें त्या वैमानिक बाईशीं जुळतात असें प्रतिपादिलें. २०१५ सालीं दुसऱ्या दोघां अभ्यासकांनीं हूडलेस यांचाच निष्कर्ष उचलून धरला. हाडांवांचून हा वाद मिटणें कठीण. एवढें मात्र खरें कीं, आज जगांत ज्या थोड्या लोकांना गॅलाहर हें नांव ठाऊक आहे, त्यांना तें या हाडांमुळें ठाऊक आहे. ज्या कामासाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें त्या कामामुळें नव्हे. कीर्तीची ही रीत आम्हांस चमत्कारिक वाटते.

१९४१ सालीं ते सुवा येथें गेले. फिजीचें नांव आपणां भारतीयांस परकें नाहीं. कराराच्या मजुरीवर आपल्या देशांतून गेलेल्या हजारों माणसांनीं तेथील ऊंस पिकविला. सुवा सोडून गॅलाहर ‘विटी’ नांवाच्या सरकारी बोटीनें आपल्या बेटांकडे परत निघाले. त्यांना ‘स्प्रू’ या उष्ण प्रदेशांतील आंतड्यांच्या विकारानें ग्रासलें होतें. या रोगांत खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं; मनुष्य जेवतो तरी उपाशीच राहतो व झिजत जातो. महिनोन्महिने ताज्या भाजीपाल्याचें दर्शन नाहीं, विश्रांति नाहीं, जवळ डॉक्टर नाहीं, अशा ठिकाणीं शरीर किती दिवस टिकणार ? बोटीवर डॉक्टर मॅक्फर्सन हे वैद्यकीय अधिकारी होते. २४ सप्टेंबर रोजीं बोट गार्डनरला लागली. त्यांना त्यांच्याच घरांत आणलें. डॉक्टरांनीं होते तेवढे उपाय केले, परंतु २७ सप्टेंबर १९४१ रोजीं मध्यरात्र उलटतांच त्यांचा प्राण गेला. निशाणकाठीच्या पायथ्याशीं त्यांना पुरलें.

या मृत्यूचा दोष कोणाचा ? वरिष्ठांनीं एकट्या तरुणावर तीन बेटें सोंपवून त्याला वेळीं परत बोलाविलें नाहीं, असें एक पक्ष म्हणेल. युद्ध सुरू होतें, माणसें नव्हतीं, असें दुसरा म्हणेल. आम्हांस असें वाटतें कीं, स्वतः गॅलाहर यांचाहि यांत भाग होता. थोडेबहुत वैद्यक शिकलेल्या माणसाला आपलें शरीर काय सांगत आहे हें कळलें नसेल, असें संभवत नाहीं. आपल्यावांचून काम थांबेल, ही समजूत चांगल्या माणसांना फार लवकर जडते, आणि तिच्यापायीं काम व माणूस दोन्ही जातात. त्यांच्या निष्ठेचें कौतुक करतांना ही गोष्ट लपवून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. अडीच महिन्यांत जपाननें युद्धांत उडी घेतली आणि गिल्बर्ट बेटें व्यापलीं. फिनिक्स बेटें वांचलीं. १९४४ पासून दोन वर्षें गार्डनरवर अमेरिकन कोस्ट गार्डचें दिशादर्शक बिनतारी ठाणें होतें. युद्धानंतर १९४९ सालीं पॉल लॅक्स्टन नांवाचे अधिकारी तेथें कांहीं महिने राहिले व मरगळलेली वसाहत सांवरण्याचा त्यांनीं प्रयत्न केला. गांवाला लोक काराका म्हणत. म्हणजे तो मेलेला साहेब गांवाच्या नांवांत शिल्लक होता. वस्ती शंभराच्या आसपास राहिली. माड फळूं लागले होते. पण पाऊस मात्र सरकारच्या योजनेंत नव्हता. मध्य पॅसिफिकच्या या पट्ट्यांत एखादें वर्ष धो धो कोसळतें आणि पुढलीं दोन कोरडीं जातात; अवर्षणाच्या वर्षीं विहिरींतला तो गोड्या पाण्याचा पातळ थर आटतो. सिडनी बेटावरचे लोक १९५५ पासून दूर सॉलोमन बेटांतील गिझो येथें हलविले गेले. १९६३ च्या सुमारास गार्डनर व हल येथील लोकांनाहि उठवून सॉलोमन बेटांतील वागिना येथें नेलें. ज्या मुलांचे आईबाप एकदां पूर्वजांचें बेट सोडून आले होते, त्यांनीं आतां आईबापांनीं लाविलेले माड सोडले. एका पिढीला दोनदां घर मोडावें लागलें.

तेव्हां ही योजना फसली असें म्हणावें काय ? निकालापुरतें पाहिलें तर फसली. बेटांवर पाणी किती काळ पुरेल याचा अंदाज चुकला, आणि चुकलेल्या अंदाजाची किंमत ज्यांनीं अंदाज बांधला त्यांनीं दिली नाहीं. परंतु आम्हांस एक गोष्ट विसरवत नाहीं. त्यापूर्वींच्या काळीं पॅसिफिकमध्यें माणसांना हलविणें म्हणजे पुष्कळदां मजूर म्हणून फसवून किंवा पळवून नेणें असे. येथें लोकांचे प्रतिनिधि आधीं बेट पाहून आले, भूमिहीनांना स्वखुषीनें येऊं दिलें, त्यांच्या न्यायाधीशाला नायक केलें, आणि जो साहेब त्यांच्यावर नेमला तो त्यांच्याच विहिरीचें पाणी पीत त्यांच्यांतच मेला. वागिना व गिझो येथें आजहि गिल्बर्ट भाषा बोलणारे लोक राहतात.

बेट सोडतांना गॅलाहर यांचे अवशेषहि थडग्यांतून काढून तारावा येथें नेण्यांत आले. ज्यानें एका अनोळखी मृताचीं हाडें गोळा करून, पेटींत घालून समुद्रापार पाठविलीं, त्याचींहि हाडें अशींच पेटींत घालून समुद्रापार गेलीं. फरक इतकाच कीं, तीं हरवलीं नाहींत. निकुमारोरोवर आतां वस्ती नाहीं. २००६ सालीं किरिबाटी सरकारनें फिनिक्स बेटें व भोंवतालचा समुद्र संरक्षित म्हणून जाहीर केला आणि २०१० सालीं त्यांचा जागतिक वारशांत समावेश झाला. इअरहार्टचा माग काढणारे संशोधक अधूनमधून तेथें जातात. त्यांना रानांत सिमेंटच्या टांकीचे तुकडे, रिकामें थडगें आणि ओळीनें लाविलेले, आतां मोकाट वाढलेले माड आढळतात. तो रुंद रस्ता मात्र रानानें गिळून टाकला आहे.